मिशनवाडीचं सभाबुक

“दाविद नावानं बघा, आजोबा,” मुलगी म्हणाली. “घरात सगळे दत्तरावच म्हणायचे. पण शाळेच्या जुन्या रजिस्टरात ‘दत्तू उर्फ दाविद’ असं निघालंय.”

शांतवन खिल्लारेंनी कपाटातून बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढलं, टेबलावर अंथरलेल्या धुतल्या पंच्यावर ठेवलं आणि फारसं न शोधताच पान उघडलं. चाळीस वर्षांत ही पानं त्यांच्या बोटांना पाठ झाली होती.

“सव्वीस ऑक्टोबर एकोणीसशे एकेचाळीस.” ओळीखाली कागदाची पट्टी सरकवत ते वाचू लागले. “बालकाचं नाव दाविद. बाप आश्रुबा, आई सगुणाबाई. राहणार मिशनवाडी. पूर्वीची जात महार. पाळकाची सही.”

“महार लिहिलंय! पप्पा, आत या ना. स्पष्ट लिहिलंय!”

दारात उभा असलेला पन्नाशीचा माणूस आत आला नाही. त्याने चपलाही काढल्या नव्हत्या. झरीला त्याचं शेतपंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. बोटांच्या पेरांत काळं वंगण कायमचं बसलेलं. “लिहिलंय ते ठीक हाय, धम्मशीला,” तो म्हणाला. “पण कशाच्या रजिस्टरात लिहिलंय ते बी बघ.”

मुलीचा चेहरा उतरला.

शांतवनांना एव्हाना सगळं समजलं होतं. अशी माणसं वर्षातून चार-पाच तरी यायची. मुलीला नांदेडच्या सरकारी आयुर्वेद कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता. जात पडताळणीचं प्रमाणपत्र द्यायला तीन आठवड्यांची मुदत होती. दक्षता पथकाच्या माणसाने गावोगावची जुनी दफ्तरं तपासली, तेव्हा बंद पडलेल्या मिशन शाळेच्या रजिस्टरात तिच्या आजोबांपुढे ‘धर्म ख्रिस्ती’ असं सापडलं. आता समितीचं म्हणणं होतं, तुम्ही मूळचे महार होतात आणि आता बौद्ध आहात हे दाखवा. ख्रिस्ती असाल तर ही जागा तुमची नाही. मूळची जात दाखवणारा कागद जगात एकच होता. आणि तोच कागद ते ख्रिस्ती होते असंही सांगत होता.

“तुमचं आडनाव?” शांतवनांनी विचारलं, जरी उत्तर त्यांना समोरच्या पानावर दिसत होतं.

“खिल्लारे,” दारातला माणूस म्हणाला. “मी सिद्धोधन. दत्तरावांचा धाकला. तुमी माझे चुलते लागताव, काका. म्हाईत हाय आमाला. म्हणून तर यायला येवढा उशीर केला.”

आश्रुबा हे शांतवनांच्या वडिलांचे सख्खे थोरले भाऊ. छप्पन्न सालानंतर दोन भावांची तोंडं दोन दिशांना झाली आणि तेव्हापासून या घरचं त्या घरी कुणी लग्नाला गेलं नाही, मातीलाही नाही. झरी मिशनवाडीपासून दूर नव्हती. शांतवन सदुसष्ट वर्षांचे झाले होते आणि आपल्या चुलतभावाचा मुलगा ते पहिल्यांदाच पाहत होते.

“आत ये,” ते म्हणाले. “चपला असू दे.”

सिद्धोधन चपला काढूनच आत आला. खुर्ची होती तरी टेकला नाही. त्या ओळीकडे बघत खालच्या आवाजात म्हणाला, “काका, नुस्तं जातीपुरतं लिहून देता यील का? आश्रुबा, पूर्वीची जात महार. येवढंच. बाप्तिस्मा हा शब्द नगं.”

“ओळ पूर्ण लिहावी लागती.”

“लेकराचं साल जाईल.”

“अर्धी ओळ म्हणजे खोटी नक्कल. माझी सही असती खाली.”

सिद्धोधनने मान हलवली. त्याला राग आलेला दिसला नाही. “तुमी तुमच्या लेकाला, शमुवेललासुद्धा असंच म्हणला होता म्हणे. ऐकलंय आमी.”

शांतवनांनी रजिस्टर मिटलं.

मिशनवाडी म्हणजे बोरीच्या अलीकडे, जिंतूर रस्त्याला लागून असलेलं एक कंपाउंड. इंग्रज पाळकांच्या काळात बांधलेलं दगडी चर्च, मागे दफ्तराची खोली, बाजूला स्मशानभूमी आणि भिंतीच्या कडेने दोन-दोन खोल्यांची चाळ. पूर्वी या चाळीत कितीतरी घरं नांदत होती. आता शेवटच्या दोन खोल्यांत एकटे शांतवन राहत. खोल्यांना भाडं नव्हतं. जो दफ्तर सांभाळेल आणि घंटा वाजवील त्याने तिथे राहायचं, असं ठरलेलं होतं. आधी त्यांचे वडील लूक राहिले, मग ते.

तरुणपणी नगरला एका छापखान्यात त्यांना अक्षरांचे खिळे जुळवायचं काम मिळत होतं. पेटी बांधून झाली होती. वडील म्हणाले, “तू गेल्यावर रजिस्टरं कोण बघंल? मला दिसत न्हाई आता.” पेटी सुटली. पुढे लग्न झालं, विमला आली. तिला दोन खोल्यांच्या पलीकडे एक न्हाणीघर तेवढं हवं होतं. पण चर्च कमिटीच्या परवानगीशिवाय भिंतीत खिळाही मारता येत नव्हता. तीस वर्षं तिने साडीच्या आडोशाला अंघोळ केली आणि सहा वर्षांपूर्वी त्याच कंपाउंडात, चाळीपासून साठ पावलांवर तिला पुरलं. दफनाच्या रजिस्टरात तिची नोंद शांतवनांनी स्वतः केली. कारण दुसरं कुणी ती करणारच नव्हतं.

या सगळ्याला वडिलांचं एक वाक्य पुरत असे. लूक खिल्लारे मरेपर्यंत सांगत राहिले, “सारी गेली, पर आपण न्हाई सोडलं.” अकरा घरं बौद्ध होऊन चर्चची मंडळी सोडून गेली, सख्खा भाऊ गेला, पण लूक जागचा हलला नाही. शांतवन त्याच वाक्यावर वाढले. दोन खोल्या अंगावर येऊ लागल्या की ते हे वाक्य मनात म्हणत आणि खोल्या थोड्या मोठ्या होत.

शमुवेलच्या वेळीही त्यांनी तेच वाक्य म्हटलं होतं. दोन हजार अकरा साली मुलगा शिक्षक भरतीत निवडला गेला. शाळेत कुण्या मास्तरांनी त्याची जात ‘हिंदू महार’ लिहिली होती, त्याच आधारावर त्याने प्रमाणपत्र काढलेलं. चौकशीला माणूस येणार त्या सकाळी तो म्हणाला, “पपा, काहीच करू नका. रजिस्टर सापडंना म्हणा, न्हाईतर घरीच नका थांबू. जिंतूरला जाऊन या.” शांतवन जिंतूरला गेले नाहीत. चौकशीचा माणूस आला तेव्हा याच टेबलावर, असाच धुतलेला पंचा अंथरून त्यांनी मुलाच्या बाप्तिस्म्याचं पान उघडून ठेवलं. शमुवेल दारात उभा राहून बघत होता. नोकरी हातची गेली आणि त्याच आठवड्यात तो पुण्याकडे गेला. चाकणला कुठल्याशा गोदामात कामाला आहे. आईच्या मातीला आला, संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

“आजोबा,” धम्मशीलाच्या आवाजाने ते भानावर आले. “येणाऱ्यांचं रजिस्टर हाय, जन्माचं हाय, मेल्याचं हाय. मग मंडळी सोडून जाणाऱ्यांचं काहीच लिहीत नव्हते का?”

शांतवन कपाटाकडे वळले. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता आणि त्यांनाही पडला नव्हता.

“परवा या,” ते म्हणाले. “बघून ठेवतो.”

सभाबुक कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात होतं. कमिटीच्या सभा, त्यात काय ठरलं, कोण हजर होतं, हे सगळं जुने पाळक त्यात लिहून ठेवत. तिथून कुणाला कधी नक्कल लागत नसे, म्हणून शांतवनांनी ते वर्षातून एकदा ऊन दाखवण्यापलीकडे उघडलं नव्हतं. सत्तावन्न सालाची दोन समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटलेली आहेत, हे मात्र त्यांना माहीत होतं. पावसात छप्पर गळलं असेल, असं ते समजत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुक घेऊन दाराशी बसले. उजेडात धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पाण्याचा डाग कुठेच नव्हता. आधीची पानं कोरडी, नंतरचीही कोरडी. चिकटली होती ती फक्त कडा, तिन्ही बाजूंनी, बोटभर रुंदीने. त्यांनी कडेला नख लावलं. पिवळट खपली निघाली. मैद्याची खळ. रजिस्टरांच्या पुठ्ठ्यांना दरवर्षी लावायची तीच, कीड लागू नये म्हणून थोडा मोरचूद घालून शिजवलेली. ती करायला त्यांना वडिलांनी शिकवलं होतं.

ओला फडका कडेवर ठेवायचा, थोडं थांबायचं, मग सुरीच्या पाठीने कागद सोडवायचा. असं करता करता दुपार झाली. पानं सुटली.

डाव्या पानावर दहा मार्च सत्तावन्नची सभा होती. पाळकांचं अक्षर सरळ आणि मोठं होतं. *येथील अकरा कुटुंबांनी गेल्या महिन्यात बोरी येथे बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्याचे समजले. सबब त्यांची नावे मंडळीच्या यादीतून कमी करण्यात येत आहेत. कंपाउंडातील त्यांच्या राहत्या जागा महिनाअखेर खाली करून घ्याव्यात.* त्याखाली यादी. पहिलंच नाव आश्रुबा, पत्नी सगुणाबाई, मुलगा दाविद उर्फ दत्तू, वय पंधरा. मुलीला हवं होतं ते हेच.

चौथं नाव होतं, लूक. पत्नीसह.

शांतवनांनी चष्मा पुसला. गावात दुसरे लूक कुणी नव्हते. तरी त्यांनी उजवं पान वाचलं. नऊ जून, सत्तावन्न. *लूक याने पश्चात्तापाचा अर्ज दिला. पत्नी आठ महिन्यांची गरोदर असून दोन महिन्यांपासून शाळेजवळच्या झाडाखाली राहत असल्याचे त्याने सांगितले. त्यास मंडळीत परत घ्यावे, दफ्तर सांभाळण्याचे व घंटा वाजवण्याचे काम द्यावे व तो ते काम करील तोवर शेवटच्या दोन खोल्या राहावयास द्याव्यात, असे ठरले.*

खाली अंगठा नव्हता, सही होती. ल चा उकार लांब ओढून काढलेली वडिलांची सही. शांतवनांची स्वतःची सही तीच बघून तयार झालेली होती.

ऊन उंबऱ्यावरून आत आलं आणि त्यांच्या पायांवर चढलं. त्यांना वडिलांचा राग आला नाही. मराठवाड्यातल्या मे महिन्यात, आपल्याला पोटात घेऊन झाडाखाली बसलेली आई त्यांना दिसली, आणि तिच्यासाठी त्यांनी स्वतःही तो अर्ज दिला असता. राग आला तो त्या खळीचा. ‘आपण न्हाई सोडलं’ हे एवढं खरं असतं तर पानं चिकटवायची काय गरज होती? आणि त्याच वाक्याच्या नावाने त्यांनी आपला मुलगा पुण्याला घालवला होता.

सभाबुकाची नक्कल देण्याआधी सेक्रेटरीला विचारणं भाग होतं. जयवंत सर निवृत्त मुख्याध्यापक. कंपाउंडच्या समोरच बंगला बांधून राहत. त्यांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली आणि बुक मिटून आपल्याच मांडीवर ठेवलं.

“शांतवनभाऊ, हे रजिस्टर न्हाई. हे मंडळीच्या घरातलं बोलणं हाय. हे बाहेर जाणार न्हाई.”

“सर, पोरीची जागा जायली.”

“जायली तर वाईटच हाय. पण रस्त्याकडंच्या जागेची केस चालू हाय, विसरलाव का? त्या अकरा घरांतल्याच कुणाच्या तरी नातवानं टाकलीय. त्याचं म्हणणं, आमचे आजे इथं कंपाउंडात ऱ्हायचे. आपण म्हणायलो, कुणीबी ऱ्हात न्हवतं. आन् तुमी हे पान सरकारी हापिसात नेऊन ठेवणार? ‘राहत्या जागा खाली करून घ्याव्यात’? वकील मला उभा जाळंल.”

“पर ते ऱ्हातच होते, सर.”

“मी कुठं न्हाई म्हणायलो?” जयवंत सर वैतागले, मग आवाज मऊ करून म्हणाले, “तुमी आपल्या बापाचं बी बघा. सगळी मंडळी लूकभाऊंचं नाव आदरानं घेती. हे वाचल्यावर लोक काय म्हणतील? आपल्याच हातानं कामून उकरताव?”

शांतवनांनी बुकासाठी हात पुढे केला.

“आन् एक सांगतो, धमकी म्हणून न्हाई. त्या दोन खोल्या दफ्तर सांभाळणाऱ्याच्या हायत. दफ्तर फोडणाऱ्याच्या न्हाईत. या वयात कुठं जाताव?”

जयवंत सरांनी बुक परत दिलं, कारण ते कपाटात ठेवायचं काम शांतवनांचंच होतं. कंपाउंडच्या फाटकातून परत येताना त्यांना पहिल्यांदा जाणवलं की आपल्याला खरोखरच कुठे जाता येत नाही. पुढे रस्ता होता, रस्त्यावर एसटी होती, खिशात ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड होतं. पण उतरायचं कुठे, ते गावच नव्हतं. चाळीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांच्या जन्माच्या, लग्नाच्या, मरणाच्या तारखा जपल्या होत्या. स्वतःचं म्हणावं असं दार त्यांच्याकडे एकही नव्हतं. वडिलांना त्या खोल्यांसाठी घेतलेली दीक्षा सोडावी लागली होती. त्यांच्याकडे आज त्याहून कमी मागितलं जात होतं, फक्त गप्प बसणं. शमुवेलनेही तेवढंच मागितलं होतं.

तिसऱ्या दिवशी सिद्धोधन आणि धम्मशीला आले तेव्हा नक्कल तयार होती. डावं पान शब्दन् शब्द उतरवलेलं, अकराही नावं, चौथंसुद्धा. खाली ‘मुळाबरहुकूम खरी नक्कल’, सही आणि चर्चचा गोल शिक्का. शेजारी बाप्तिस्म्याच्या ओळीची नक्कलही होती, पूर्ण ओळीची.

धम्मशीला उभ्या उभ्याच वाचत गेली. चौथ्या नावावर आली आणि थांबली. “आजोबा, हे लूक म्हणजे…”

“माझे वडील.”

“मग तुमी…”

“ते समितीपुढं सांगतो,” शांतवन म्हणाले. “मूळ बुक बघितल्याशिवाय ते लोक नक्कल धरणार न्हाईत. मी घेऊन येतो.”

सुनावणी परभणीला होती. शांतवनांनी सभाबुक पंच्यात गुंडाळून पिशवीत घातलं आणि पूर्ण रस्ताभर मांडीवर धरून ठेवलं. दफ्तर कंपाउंडच्या बाहेर नेण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. त्यांना न्यायला मिशनवाडीला आलेला सिद्धोधन शेजारी बसला होता. झरीच्या फाट्यावर धम्मशीला चढली.

आत समितीच्या बाईंनी दोन्ही पानं पाहिली, कागद उजेडात धरला, शिक्का पाहिला. मग चष्म्यावरून शांतवनांकडे पाहिलं.

“या यादीत चौथं नाव लूक आहे. नकलेवरची सही शांतवन लूक. हे तुमचे वडील?”

“होय.”

“म्हणजे यांच्याबरोबर तेही बौद्ध झाले. मग तुम्ही ख्रिस्ती कसे?”

खोलीत पंखा फिरत होता. मागच्या बाकावर दुसऱ्या प्रकरणांची माणसं बसली होती, त्यांत बोरीचे दोघे ओळखीचे होते.

“वडील तीन महिन्यांनी परत आले,” शांतवन म्हणाले.

“कशामुळे?”

“समोरच्या पानावर लिहिलंय.”

“तुम्ही सांगा. जबाबात घ्यावं लागेल.”

शांतवनांनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. “आई आठ महिन्यांची गरोदर होती. झाडाखाली ऱ्हायची. दोन खोल्या मिळाव्या म्हणून वडील परत आले. आश्रुबाचुलते परत आले न्हाईत. ते उघड्यावरच ऱ्हायले, मग झरीला गेले. या पोरीच्या घरानं तेव्हापासून पुन्हा मंडळीत पाय टाकला न्हाई, हे मी दफ्तर बघून सांगतो. जन्म, लग्न, मयत, कशातच त्यांचं नाव न्हाई. आलं असतं तर मी लिहिलं असतं.”

बाईंनी सगळं लिहून घेतलं. वाचून दाखवलं. शांतवनांनी सही केली.

बाहेर पायऱ्यांवर सिद्धोधनने तीन चहा आणले. आपल्या कपावर फुंकर मारली. “काका, आमच्या घरात तर सांगायचे, लूकनं भावाला ऐन वक्ताला दगा दिला, साहेबाच्या मिठाला जागला. आजा मरेस्तोवर त्येंचं नाव घेत न्हवता.”

“खरंच हाय ते.”

“खरं हाय. पर झाडाखालची बाई कुणीच सांगितली न्हाई आमाला.”

“तुमचा आजा बी त्याच झाडाखाली असंल,” शांतवन म्हणाले. “बायका-लेकरं त्याला बी होती.”

धम्मशीलाचं प्रमाणपत्र मुदतीच्या दोन दिवस आधी आलं. तिने फोन करून सांगितलं तेव्हा शांतवन सामान बांधत होते. कमिटीने त्यांच्याकडून दफ्तर आणि खोल्या काढून घेण्याचा ठराव एकमताने केला होता. बोरीच्या त्या दोघांनी गावात काय सांगायचं ते सांगितलं होतं आणि रविवारी उपासनेनंतर पूर्वी हात जोडणारी दोन-तीन माणसं मान वळवून निघून गेली होती. जयवंत सर मात्र स्वतः चार्ज घ्यायला आले. शांतवनांनी यादी केली होती: बाप्तिस्म्याची रजिस्टरं चार, दृढीकरणाचं एक, लग्नाची तीन, दफनाची दोन, सभाबुकं दोन. प्रत्येक पुस्तक काढून त्यांनी पानं मोजून दाखवली.

“ऱ्हाऊ द्या हो भाऊ, विश्वास हाय,” जयवंत सर म्हणाले.

“मोजून घ्या, सर.”

दुपारी त्यांनी चाकणला फोन लावला. शमुवेलने उचलला. शांतवनांनी दोन्ही पानं आठवणीतून सांगितली, तारखांसकट. पलीकडे कुठेतरी ट्रक मागे घेतल्याचा पीं-पीं आवाज येत होता.

“शमू?”

“ऐकायलोय.” मग जरा वेळाने, “पपा, मी तुमाला खोटं बोला म्हणलो न्हवतो. गप बसा म्हणलो होतो.”

“होय.”

“आजोबांनी पोटातल्या लेकरासाठी देव बदलला. तुमाला नुस्तं जिंतूरला जाऊन यायचं होतं.”

“तुझं बरोबर हाय,” ते म्हणाले. “मी आज ते सांगायलाच फोन केला.”

“बरं,” शमुवेल म्हणाला. “गाडी लागलीय. ठेवतो.” मग ठेवता ठेवता त्याने विचारलं, “कुठं जायलाव आता?” पण उत्तर द्यायच्या आतच आवाज तुटला. त्याने परत फोन केला नाही. शांतवनांनीही केला नाही.

निघण्याआधी ते स्मशानभूमीत विमलाजवळ उभे राहिले. गवत वाढलं होतं. वाकून होईल तेवढं उपटलं. यापुढे इथे यायचं तर फाटकाशी विचारून यावं लागणार होतं.

झरीला सिद्धोधनचं घर रस्त्याच्या कडेला, पुढे दुकान आणि मागे तीन खोल्या. शांतवन येणार नाही म्हणाले होते. वृद्धाश्रमाची चौकशी करतो म्हणाले होते. सिद्धोधन टेम्पो घेऊनच आला. “आश्रुबाच्या घरी लूकचा पोरगा यायला सदुसष्ट वर्षं लागली,” तो ट्रंक उचलत म्हणाला. “आता आनखी कुठं फिरताव.”

त्यांना पुढची खोली दिली होती, नांदेडला गेलेल्या धम्मशीलाची. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली तिची पुस्तकं. शांतवनांनी ट्रंक पलंगाखाली सरकवली आणि आपलं काहीच वर मांडलं नाही. सिद्धोधनची बायको रेणुका वेळेवर जेवायला हाक मारी, ते ‘पुरे, पुरे’ म्हणत अर्ध्या पोटाने उठत. दुसऱ्याच्या घरात पाय कुठे ठेवावा, हे त्यांना ठरवता येत नसे. बाहेर जायचे तर बसस्टँडपर्यंत, आणि तिथून परत. पहिले दोन रविवार ते दहा वाजता उठून नुसतेच कोंबड्यांसारखे घराभोवती फिरले. बोरीच्या वाटेची गाडी समोरून गेली.

तिसऱ्या रविवारी ते पलंगावर बसले. शेजारच्या खोलीत टीव्हीवर मालिकेचा जुना भाग लागला होता, दुकानात मोटार घरघरत होती. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग ट्रंकेतून बायबल काढून मांडीवर उघडलं. वाचलं ते मनातच. शेवटी ओठ थोडे हलू लागले आणि प्रार्थनेचे शब्द कुजबुजीत बाहेर आले. आपण दुसऱ्याच्या भिंतीखाली बसलो आहोत हे आठवून ते मध्येच थांबले.

दारात रेणुका उभी होती. हातात सूप, सुपात निवडायची तूर. तिला पाहून शांतवनांनी घाईने बायबल मिटलं.

ती मागे वळली. आत गेली. टीव्ही बंद झाला. मग तिचा आवाज दुकानाकडून आला, “आवं, जरा मोटार थांबवा धा मिंटं. काका उपासनेला बसलेत.” मोटार थांबली. घर एकदम शांत झालं. रेणुका परत आली, खोलीचं दार अर्धं लोटून घेतलं आणि सूप घेऊन, बांगड्यांचा आवाज होऊ न देता, अंगणात जाऊन बसली.